ऑर्व्हलमामांची चामखीळ आणि आकडा पंचवीस

नेसबर्ग दवाखाना, उत्तर डकोटा
शनिवार, १ मार्च

प्रिय ऑर्व्हलमामांना सिग्नेचा सप्रेम नमस्कार. अंगठा बरा असेल. पंप गोठला नसेल आणि कुत्रा अजून फक्त टपालवाल्यावरच भुंकत असेल, असं धरून चालते. आधी घडलं ते असं :

१. १४ जानेवारीला तुम्ही अंगठ्यावरची चामखीळ दाखवायला आलात.
२. डॉक्टर नेस यांनी ती गोठवली. सहा मिनिटं.
३. तुम्ही कोट घातला, टोपी घातली, दाराची मूठ धरली आणि आणखी काहीतरी बोललात.
४. डॉक्टरांनी तुम्हाला परत बसवलं. बावीस मिनिटं.
५. विमा कंपनीने क्रमांक ४ नाकारला.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो, आणि तो मी कंपनीला कळवते. एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या, तर कंपनी दुसरी पहिलीच्या पोटात घालते. तसं होऊ नये म्हणून तपासणीच्या क्रमांकाला पंचवीस या आकड्याचं शेपूट लावायचं. त्याचा अर्थ एवढाच, की ही तपासणी वेगळी होती, तिला वेगळं कारण होतं. (शेपटांची यादी मोठी आहे. एकोणसाठ नंबरचं मला जास्त आवडतं, पण ते तुम्हाला लागू नाही.) मी पंचवीस लावला. कंपनीने उलट कळवलं, की हे बोलणं चामखिळीच्या उपचारातच आलं. म्हणजे त्यांच्या मते, मामा, तुमचं हृदय हा तुमच्या अंगठ्याचा भाग आहे.

मला राग नाही आला, कुतूहल वाटलं. अशा वेळी मी एक चाचणी करते. डॉक्टरांच्या टिपणातल्या चामखिळीच्या ओळी बोटाने झाकायच्या आणि उरलेलं आपल्या पायावर उभं राहतं का ते बघायचं. मी झाकल्या. उरलं एवढंच : "बाकीही बोललो." डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं पोरी, बोललो म्हणून तर लिहिलं ना!" मी म्हटलं, काय बोललात ते लिहा, आजची तारीख घालून, आणि आठवतं तेवढंच. ते खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत बसले. (चाळीस वर्षांत त्यांना कुणी छताकडे बघायला लावलं नव्हतं, असं आमची नर्स लाव्हॉन म्हणते.)

लाव्हॉनला मात्र सगळं पाठ होतं. "अगं, तुझा मामा अर्धा दाराबाहेर होता! म्हणतो कसा, जाता जाता सांगतो डॉक्टर, तळघराचा जिना चढताना डावा हात जरा जड होतो. तसं काही नाही. आणि निघालाच की! डॉक्टरांनी कोटाला धरून आत ओढला."

इथे मला आपल्या लोकांविषयी एक प्रश्न पडला. आपण चाळीस मैल गाडी हाकत येतो ते चामखिळीसाठी, आणि खरं दुखणं दाराच्या मुठीला हात लागल्याशिवाय तोंडातून निघत नाही. असं का? मी गेल्या वर्षीचे कागद चाळले. पंचवीस लावलेल्या एकसष्ट भेटींपैकी चव्वेचाळीस अशाच होत्या. (मूठ बदलून बघावी, असं मी डॉक्टरांना सुचवलं. ते हसले नाहीत.)

असो. डॉक्टरांना आठवलं, की त्यांनी तुम्हाला हृदयाच्या तपासणीची चिठ्ठी दिली होती, जिल्ह्याच्या इस्पितळात फिरत्या पट्ट्यावर चालवून बघतात ती. उत्तम पुरावा. तिचा अहवाल कंपनीकडे करायच्या अपिलाला जोडावा म्हणून मी इस्पितळात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "या नावाचं कुणी आलेलं नाही, बाई. वेळसुद्धा घेतलेली नाही."

सगळ्यांना नमस्कार. कुत्र्यालाही.

तुमची भाची,
सिग्ने

ता. क. अपिलाची काळजी करू नका. अहवालाशिवायच पाठवलं होतं. डॉक्टरांनी आठवून लिहिलेलं पुरेसं ठरलं आणि गेल्या मंगळवारी कंपनीने मान्य केलं. तुमचं हृदय आता अधिकृतपणे अंगठ्यापासून वेगळं आहे. तेव्हा हे पत्र त्यासाठी नाही.

ता. क. २. चिठ्ठी तुमच्या कोटाच्या डाव्या खिशात असेल, हातमोज्यांखाली. मी येत्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची इस्पितळाची वेळ घेतली आहे. साडेसातला गाडी घेऊन तुमच्या दारात असेन. त्या दिवशी दुसरं कुठलंही काम काढायचं नाही. ना दात, ना ट्रॅक्टरचा पट्टा, ना गिरिजाघराची कॉफीची किटली. एकच काम, त्यामुळे शेपूट लागणार नाही. "तसं काही नाही" हे उत्तर मी धरणार नाही. येणार की नाही, ते बुधवारपर्यंत कळवा.