एक गोळी कमी भरली

ताई,

तुमचा भाऊ झोपलाय. उठला की ओट्यावरचं दूध द्या, पण आजची स्टेरॉइडची गोळी मी येईपर्यंत देऊ नका. सकाळी मोजल्या तर पाकिटात एक कमी भरली. काल तुम्ही चहानंतर दिलीत, मी नाश्त्यानंतर, आणि यांनी दोन्ही मुकाट्याने गिळल्या. विचारलं तर म्हणतात, "तुम्हा दोघींपैकी नाही कोणाला म्हणू?"

पंधरा दिवस यांना धाप लागत होती आणि मी गॅसचं औषध देत बसले. तुम्ही पडलात नर्स. आल्या आल्या पायांवरची सूज ओळखलीत, डॉक्टरांच्या मागे लागून हृदयाचा कणभर तुकडा तपासायला लावलात, म्हणून हृदयाच्या स्नायूंची ती लाखात एखाद्यालाच येणारी सूज सापडली. येणारा-जाणारा म्हणतो, बहिणीने वाचवलं. खरंच आहे. पण ऐकलं की माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

आता डॉक्टरांकडे चाललेय. दोन्ही गोळ्या मीच दिल्या म्हणून सांगणार आहे. तुम्ही फोन करून मध्ये पडू नका. वाचवलंत तुम्ही, ही चूक तरी माझ्या एकटीची राहू दे.