तिनं गूळ मागितला होता

७ ऑगस्ट, गुरुवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. रविवारी घडलं आणि पेन आज धरतोय. मधे वही उघडायची नि मिटायची, एवढंच केलं. घरात आवाज नाही. सौ. मंद्रूपला, नंदाकडे. लेक घेऊन गेली, बरं केलं. चहा दोन वेळा ठेवला, दोन्ही वेळा दोन कपांचा.

रविवारी आमच्याकडे जंगम स्वामींचं, म्हणजे आमच्या गुरूंचं, जेवण होतं. दर श्रावणात असतं. स्वामी जेवून उठेपर्यंत घरात कुणी तोंडात काही घालायचं नाही, रांधणाऱ्या बाईनं चवसुद्धा बघायची नाही. माझ्या आईपासूनची रीत. सौ. सकाळपासून हुग्गीच्या मागं, खपली गहू, गूळ, खोबरं. मी तिची साखरेची गोळी दिली, रोजच्यासारखी, न्याहारीच्या आधीची. त्या दिवशी न्याहारीच नव्हती, हे डोक्यात आलं नाही. गोळी चुकवायची नाही, एवढंच डोक्यात. आडत दुकानात तोलारकी करण्यात जन्म गेला. माझा काटा कधी हलला नाही म्हणून लोक नाव घेत.

स्वामींना आमच्या आधी दुसरी घरं होती. वाट बघता बघता दुपार झाली. ते दारात आले आणि आत सौ. पडली.

पुढचं उद्या लिहीन.

८ ऑगस्ट, शुक्रवार
स्वामींनीच रिक्षा बोलावली. पाय धुवायचं पाणी तसंच राहिलं. दवाखान्यात बाटली लावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, साखर वाढली नाही, पार खाली गेलीय. खाली पण जाते हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वाढण्याचीच भीती.

संध्याकाळी डोळे उघडले. तोवर नंदा आणि जावई आले होते. डॉ. बाईंनी मला विचारलं, पडायच्या आधी थरथर, घाम असलं काही झालं का? काही खायला मागितलं का त्यांनी?

मी म्हणालो, "न्हाय. काय मागितलं न्हाय."

सौ. कॉटवर जागी होती. माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

९ ऑगस्ट, शनिवार
मागितला होता. लिहूनच टाकतो.

हुग्गीसाठी गूळ फोडत होती. हात थरथरत होते. कपाळावर घाम. मला वाटलं चुलीपुढची धग. माहेर अक्कलकोटकडलं, घाबरली की तिच्या तोंडात कानडी येते. म्हणाली, "स्वल्प बेल्ला कोड्री." थोडा गूळ द्या. द्या कसलं, गूळ तिच्याच हातात होता. पण आयुष्यभर विचारून खाल्लं, तेव्हाही विचारलं.

मी म्हणालो, "साखर आन् वर गूळ? आन् स्वामी जेवायच्या आधी? लाज वाटती का?"

तिनं खडा तोंडाकडं नेला. मी हाताला धरून तो काढून घेतला. परातीत टाकला. मोठा खडा नव्हता. सुपारीएवढा

१० ऑगस्ट, रविवार
नंदाचा फोन.

"अप्पा, आईला साखर उतरलेली कळतच न्हाय. डॉक्टर म्हणल्या, असल्या माणसाला एकटं ठिऊ नका. आता ती हितंच ऱ्हाईल."

"किती दिवस?"

"दिवस काय इचारताय? ऱ्हाईल म्हणलं की. आन् मी तिला लई रागावले बघा. म्हणलं, हातात गूळ हाय, पोटात कायबी न्हाय, आन् मागायला तोंड न्हाय का तुला?"

तिनं फोन सौ.ला दिला. ती म्हणाली, "बीपीची गोळी घेतली का?" घेतली म्हणालो. "जेवून घेतली न्हवं?" व्हय म्हणालो. झालं. ठेवला.

माझ्या वाटणीची बोलणी ती खाते आहे. माझ्या एका 'न्हाय'नं ती आजारी जास्त ठरली, आणि बेफिकीर पण.

१२ ऑगस्ट, मंगळवार
शेजारचा नरसय्या डबा घेऊन आला. चादरीच्या कारखान्यातून सुटल्यापासून रोज माझ्या ओट्यावर. त्याच्या बायकोनं आमटी दिली होती.

म्हणाला, "तोलारसाब, तुमच्या घरात माणूस बी तोलून जेवतंय. वैनी गेली ते बरं झालं, चार दिवस पोटभर खाईल."

एरवी मी हसलो असतो. आज डोळे पुसले. तो घाबरला. "अरे, मजाक केली की. रडताय काय?" मिरची लागली म्हणालो. आमटीत मिरचीच नव्हती, त्यालाही ठाऊक.

सांगावंसं वाटलं. पण त्याला सांगितलं की गल्लीला सांगितल्यासारखंच. आणि ज्यांना सांगायला पाहिजे ते तिघं वेगळेच आहेत, डॉ. बाई, नंदा, जावई.

झोप धड नाही. बीपी वाढलं असणार. मोजायला जात नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सात रस्त्याला डॉ. बाईंच्या दवाखान्यात गेलो. नाव दिलं, बाकावर बसलो. माझ्या आधी एकच पेशंट उरला तेव्हा उठून बाहेर आलो. कोपऱ्यावर चहा घेतला. बिनसाखरेचा सांगितला. मला साखर नाही, तिला आहे. तरी सांगितला.

घरी येताना वाटलं, दम दिला मी तिला, आणि इथं एका बाईसमोर बसायला घाबरतोय.

१६ ऑगस्ट, शनिवार
सांगितलं. बसल्या बसल्या एकदम, नमस्कार पण न करता. "बाई, तिनं मागितला होता. मी काढून घेतला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडतील वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

"आजोबा, हे तेव्हाच सांगायचं होतं. मी समजत होते, त्यांना लक्षणं जाणवेनाशी झालीत. ते फार धोक्याचं असतं. त्यांना तर चांगलं कळतंय."

"तिला कळतंय. मलाच कळलं न्हाय."

मग नीट समजावलं. खाणं लांबणार असेल तर ही गोळी द्यायची नाही, देव असो की स्वामी असो. थरथर, घाम, घाबरं झालं की माणूस शुद्धीवर असेल तर आधी गोड, गूळ, साखर, सरबत, हाताशी असेल ते. मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

मी विचारलं, "साखरवाल्याला साखर?"

"त्या घडीला तेच औषध."

तिला घेऊन या म्हणाल्या, गोळी बदलायचं बघू. घेऊन या. कुठून आणि कुठल्या तोंडानं, ते नाही विचारलं त्यांनी.

१७ ऑगस्ट, रविवार
मंद्रूप. एस.टी.त उभाच होतो. उभं राहायला बरं वाटलं.

सौ. ओसरीवर शेंगा निवडत होती. चेहऱ्यावर तेज आलंय. बाजूला वाटीत दोन बिस्किटं, नंदानं ठेवलेली. मला बघून उठली, पाणी आणायला. म्हणालो, बस. नंदाला हाक मारली. जावई रानात होते, तेवढं बरं झालं. मग वाटलं, बरं कशाला म्हणतोस?

सांगितलं सगळं. गूळ, हात धरला ते, दवाखान्यातलं खोटं. आवाज मोठा येत होता, बहिऱ्याला सांगितल्यासारखा.

नंदा माझ्याकडं न बघता आईवरच उलटली. "आन् तू? मी इतकं बोलले तुला, तू एका शब्दानं बोलली न्हाईस?"

सौ. शेंगा निवडत म्हणाली, "काय बोलू? नवऱ्यानं हातातलं खाणं काढून घेतलं, हे लेकीच्या सासरी सांगू?"

नंदा म्हणाली, "अप्पा, मला वाटलं हिला कळत न्हाय म्हणून ठिवून घेतली. आता कळतंय म्हणून ठिवते. तुमच्याकडं न्हाय पाठवायची."

बरोबर बोलली. लेक माझीच आहे, तोल बरोबर.

डॉ. बाईंनी सांगितलेलं नंदाला सांगितलं. दोनदा सांगितलं. गोळीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला. सौ. स्टँडपर्यंत आली. ऊन होतं, पदर डोक्यावर. मी म्हणालो, "चुकलं माझं, गौरा." लग्नानंतर हे पहिल्यांदा म्हणालो असेन. ती वाटेकडं बघत होती.

"येतीस का?" विचारलं.

म्हणाली, "विचार करून सांगते."

गाडी आली.

१९ ऑगस्ट, मंगळवार
फोन नाही. मी करत नाही. विचार करतेय, मधे कशाला बोलायचं.

स्वामी आले होते सकाळी, चौकशीला. पायावर डोकं ठेवलं आणि त्यांनाही सांगितलं. मग म्हणाले, "तोलारमामा, माझ्या जेवणापायी? मला आधी सांगितलं असतं तर मी दारातूनच ओरडलो असतो, खा म्हणून." पुढच्या वर्षी येईन, पण जेवायला तिला आधी बसवायचं, मग मी, असं सांगून गेले. पुढच्या वर्षी कोण रांधणार?

नरसय्याला पण सांगितलं शेवटी. त्यानं मजाक नाही केली. उठून गेला. संध्याकाळी परत आला, नुसता बसला.

२३ ऑगस्ट, शनिवार
फोन नाही. नंदाला मी केला, तब्येत विचारली. बरी आहे, जेवते वेळेवर, म्हणाली. आई देवळात गेलीय म्हणाली. खरंच गेली असेल.

एवढ्या वर्षांत मी काही विचारलं की तिचं उत्तर 'बरं'. देवळात जाऊ, बरं. भाजी नको, बरं. माझ्या आईचं मरेपर्यंत केलं, तेही 'बरं' म्हणूनच. 'विचार करून सांगते' असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला तो शब्द तिला येत नाही असंच वाटायचं.

गणपती तोंडावर आले. ये, असं म्हणायचा हक्क राहिला नाही. म्हणत नाही.

गौरा, तुझा विचार तू कर. घाई नाही असं लिहिणार होतो, ते खोटं होईल. हो असलं तर हो, नाही असलं तर नाही, नंदाच्या तोंडून नको, तुझ्या तोंडून ऐकू दे. पण लवकर कळव.