एका हाताने मिटणारा चाकू

साडूभाऊ धम्मपाल यांना ठाण्याहून कुंडलिकचा मनापासून जयभीम. तुमचे गुडघे काय म्हणतात? मंदाताईंचा खोकला गेला की अजून डोंबिवलीची धूळ खातोय? इकडे आम्ही ठीक आहोत. ठीक म्हणजे शालन ठीक आहे, प्रशांत आणि सूनबाई रचना ठीक आहेत, आणि माझा उजवा हात घरजावयासारखा आहे. (घरात असतो, जागा अडवतो, उपयोग विचारायचा नाही.) अगदीच गेलेला नाही, ठेवला तिथे वजनासारखा पडून राहतो, पण बोटं मिटत नाहीत. हे अक्षर डाव्या हाताचं आहे, गोड मानून घ्या.

पत्र लिहायचं कारण राग. रागाचं कारण पेरू. तुम्हाला ठाऊक आहे, खिशात चाकू नाही असा मी कधी फिरलेलो नाही. वागळे इस्टेटला कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या खात्याची फळं मी कापायचो, तुमच्या लग्नात कलिंगडंसुद्धा मीच कापलेली. आणि आता अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा पेरू बशीत येतो. सोलून, बिया काढून, फोडींत दात कोरायच्या काड्या खोचून. (पेरूच्या बिया काढणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?) बागेतल्या बाकावर आमचा रोजचा सोबती सीताराम तर फोड माझ्या तोंडाजवळ आणतो आणि आधी स्वतः 'आ' करून दाखवतो. अहो, मी झटक्यातून उठलोय, पाळण्यातून नाही.

म्हणून मी घरात जाहीर केलं की मला खिशातला चाकू हवा, एका हाताने चालणारा, आणि माझं फळ मी कापणार. त्यावर घरात जी खळबळ उडाली ती माझ्या झटक्याच्या वेळीही नव्हती. शालनने स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर नेल्या. रचनाने, पोर मनाने फार चांगली आहे, लहान मुलांचा प्लास्टिकचा चाकू आणला, म्हणाली बाबा हा सेफ आहे. सेफ आहेच. त्याने केकसुद्धा केकची मर्जी असेल तरच कापला जातो.

मग प्रशांतने मोबाईलवरून एक मागवला. काळा, चकचकीत. पात्याला छोटी खुंटी, ती अंगठ्याने ढकलली की पातं खटकन बाहेर. त्याने दहादा उघडून मिटून दाखवला. उजव्या हाताने. मी म्हटलं, डाव्याने कर. तर म्हणाला, "बाबा, मी डावखुरा नाहीये."

"मीपण नव्हतो," मी म्हटलं.

पण मी जिद्दीने शिकलो. डाव्या अंगठ्याने खटकन उघडायला लागलो. आता चूक कुठे झाली ती बघा. घरात मी चाकू उघडला रे उघडला, की कोणीतरी धावत यायचं, माझ्या हातातून घ्यायचं आणि मिटून ठेवायचं. प्रेमाने हो, सगळं प्रेमाने. त्यामुळे मिटायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

ती आली माजिवड्याला. एकटाच गेलेलो, काठीसुद्धा न घेता. हातगाडीवाल्याकडे एक पेरू मागितला आणि ऐटीत चाकू उघडला. तोवर त्या भल्या माणसाने माझा हात बघून पेरूच्या चार फोडी केल्या, तिखटमीठ लावलं आणि कागदात बांधून माझ्या खिशात कोंबल्या. आता मी भर रस्त्यात उघडा चाकू घेऊन उभा, आणि कापायला काही नाही. मिटायला गेलो तर मिटेना. आत पातं अडवून धरणारी एक पट्टी असते, ती अंगठ्याने बाजूला सारायची, पण पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली. बरं, उघडा चाकू खिशात तरी कसा घालणार?

मी रिक्षाला हात केला. हातात काय आहे ते विसरलो. रिक्षा आधी थांबली, मग मला पाहून अशी सुटली की सिग्नलही बघितला नाही. बसथांब्यावर गेलो तर रांगच मोकळी झाली. एरवी माझा हात बघून कोणी सरकत नाही, त्या दिवशी पूर्ण बाकडं माझं. शेवटी एक हवालदार सावकाश पुढे आला आणि त्याने लांबूनच विचारलं, "काका, कोणावर राग आहे?"

मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, "मुलावर."

पुढचा अर्धा तास त्याने मला चौकीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बापलेकाच्या नात्यावर समजावलं. चाकू एका झटक्यात मिटवला. मी म्हटलं कसा ते दाखवा, तर पुन्हा दाखवला. उजव्या हाताने. साडूभाऊ, या देशात प्रत्येकाला उजवा हात आहे आणि प्रत्येकाला तो मला दाखवायचा आहे.

मग मी शालनला घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघेचना. शालनला विचारतो, काकांना कशाला हवाय? ती म्हणाली, "त्यांनाच विचारा. हात बंद आहे, तोंड चालू आहे." त्याने कात्री, पेचकस, बाटलीची चावी असं काय काय जोडलेले चाकू मांडले. मी म्हटलं, मला पेरू कापायचाय, विमान दुरुस्त करायचं नाहीये. रंगाच्या डब्यावर बसलो आणि एकेक करून बघितला, दुकानदाराचा जीव वरखाली. शेवटी झाडांना कलम करायचा साधा चाकू निघाला. लाकडी जाड मूठ, आत पट्टीबिट्टी काही नाही. मूठ गुडघ्यांत धरायची, डाव्या हाताने पातं ओढायचं. मिटायला पात्याची पाठ मांडीवर दाबायची, की गेलं आत. एका हाताने. कोणीही धावत न येता.

असो. रागाच्या भरात लांबलं. मंदाताईंना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कुंडलिक

ता.क. चाकू उत्तम आहे, पण घरी आल्यावर कळलं की डाव्या हातात चाकू असेल तर पेरू धरायचा कोणी? उजवा हात वर ठेवला तर पेरू निसटून कपाटाखाली. इतक्या जणांनी चाकू पारखला, एकानेही पेरूचा विचार केला नाही. (मीही नाही, पण मी आजारी माणूस.) तेव्हा खरं काम असं, की तुमच्या सुतारकामात एक फळी करून द्या. मधोमध खालून वर आलेले दोन खिळे, न गंजणारे, म्हणजे फळ त्यावर खोचता येईल. लौकर करा.

ता.क. दुसरा. हे पत्र दोन दिवस टाकायचं राहिलं. तोवर पेरू शालन धरते. चहा झाला की समोर येऊन बसते, दोन्ही हातांनी घट्ट धरते, आणि तिची बोटं जवळ असतात म्हणून मला फार हळू कापावं लागतं. काल पहिली फोड तिला दिली. बियांसकट खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

फळीला लाकूड चांगलं वाळलेलं घ्या. वाळायला वेळ लागला तरी चालेल.