पेलाभर वेळ

४ मार्च
आज पुन्हा मलाच पाठवलं. साहेब म्हणाले, "शास्त्री, तुम्हीच जा. तुमची भाषा चांगली." संस्कृत घेऊन पदवी मिळवली, तिचा पोलीस ठाण्याला झालेला एवढाच लाभ! मरणाला चौदा शब्द येतात मला. दारात उभं राहिलं की एकही उपयोगाचा नाही.

ट्रकखाली गेलेला मुलगा. दार बापाने उघडलं. नेहमीप्रमाणे आधी पाणी मागितलं. माणूस आत जातो, भांडी वाजतात — तेवढा वेळ त्याचं घर शाबूत असतं. मग सांगतो. ते पाणी पीत नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही.

५ मार्च
जेवताना लेकीने पेला पुढे केला. मी उठून स्वतः भरून घेतला. सवयच झालीय, दिलेलं पाणी घशाखाली उतरत नाही.

बायको म्हणाली, "आमच्या हातात विष आहे का हो?"

"स्वावलंबन!" म्हटलं. कुणी हसलं नाही.

९ मार्च
खात्याने मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. झोप लागते? लागते. भूक? लागते. तहानेचं त्याने विचारलंच नाही. शेरा — ठणठणीत!

१२ मार्च
घोडचूक!
मोटरसायकल बंद पडली. भर उन्हात ढकलत घरी आणली. किल्ली टेबलावर विसरलेली, म्हणून बेल दाबली. बायकोने दार उघडलं. मी गणवेशात, दारातच, घशाला कोरड — तोंडातून निघून गेलं, "जरा पाणी मिळेल?"

ती आत गेलीच नाही. चौकट धरून उभी. "आधी सांगा. लेक कुठंय?"

ही युक्ती मीच तिला सांगितली होती, कधीतरी. "अगं, काही नाही, तहान लागलीय" — दहादा म्हणालो. लेक कॉलेजातून आली, तेव्हा कुठे हिने चौकट सोडली.

१३ मार्च
बोलत नाही. क्षमायाचनेचे तीन श्लोक पाठ आहेत. एकही म्हणवला नाही.

२० मार्च
गणवेशाची बटणं लावायला नव्या दुकानात गेलो. शिंपीणबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"ओळखलं नाहीत. अकरा वर्षं झाली. आमचे हे कारखान्यात गेले, ते सांगायला तुम्हीच आला होतात. पाणी मागून घेतलंत, अन् तसंच ठेवून गेलात."

ओशाळलो. म्हटलं, "तुम्हाला घटकाभर उसंत मिळावी, म्हणून मागतो."

"मला?" बाई हसल्या. "अहो, दार उघडताच कळलं होतं! तुमच्या तोंडावरच लिहिलेलं. पेला मुद्दाम दोनदा विसळला मी. म्हटलं, बिचाऱ्याला सावरू दे जरा."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं.

२१ मार्च
गणवेश उतरवला, खुर्चीत बसलो, हाक मारली — "अगं, पाणी देतेस?"

आत पेला विसळल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

सगळं प्यायलो.