चांगुणाबाईंना बरे वाटते, याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
लक्ष्यवेधी कर्करोग औषध मूल्यमापन समिती,
अहिल्यानगर.

अर्जदार : कानिफनाथ आबासाहेब येळवंडे, जनावरांचे दलाल, मु. पो. घोडेगाव, ता. नेवासा.

विषय : पत्नीने सर्वेक्षणात दिलेली उत्तरे रद्द समजून तिची गोळी सरकारी यादीत ठेवणेबाबत.
संदर्भ : समितीची रुग्ण-प्रश्नावली, दि. ३ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

अर्जदाराची पत्नी सौ. चांगुणा हिला रक्ताचा कर्करोग असून गेले चौदा महिने ती सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी रोज घेते. ही गोळी रोगट पेशी तेवढ्या हेरून मारते, असे डॉक्टर सांगतात. त्याआधी चांगुणा अंथरुणाला खिळली होती आणि अर्जदाराने आशा सोडली होती.

गोळीचा गुण किती, हे पाहण्यास आपल्या सर्वेक्षक आराधनाताई घरी आल्या. "मावशी, आता बरं वाटतं का?" या प्रश्नास चांगुणाने "कसलं बरं बाई, चाललंय रडत-कढत" असे उत्तर दिले. ताकद? "न्हाई." भूक? "न्हाई." झोप? "डोळ्याला डोळा न्हाई." ताईंनी दहापैकी एक गुण मांडला. तालुक्यातल्या आणखी सहा बायांनीही हेच सांगितल्याने गोळी निरुपयोगी ठरून यादीतून जाणार, असे औषधाच्या खिडकीवर कळले. अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले.

महोदय, आमच्याकडे बरे असलेले माणूस आपल्या तोंडाने बरे म्हणत नाही. दृष्ट लागते. अर्जदार बाजारात लंगड्या बैलाचेही गुण गातो, परंतु घरच्यांची तब्येत कुणी विचारली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. अशा माणसाच्या शब्दावर समितीने विसंबू नये, हे रास्तच. म्हणून वस्तुस्थिती सादर आहे.

सदर उत्तरे देताना चांगुणा पत्र्यावर चढून शेवग्याच्या शेंगा पाडत होती व सर्व उत्तरे तिने वरूनच दिली. प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नसल्याने ते नमूद झाले नाही. ताई गेल्यावर तिने तीन भाकरी खाल्ल्या, पैकी एक अर्जदाराची होती. तिच्या घोरण्यामुळे अर्जदार पडवीत झोपतो. गेल्या मंगळवारी बांधावरून ती दीर सहादेव यांच्याशी सव्वा तास भांडली आणि पाणीही प्यायली नाही.

उत्तरे बदल, म्हणून अर्जदाराने तिच्या हातापाया पडून पाहिले. ती म्हणाली, "गोळी गेली तर गेली. मागं एकदा मी लई बरी हाय म्हनले हुते, आन् आठ दिसांत ह्यो आजार निघाला." ती भीती अर्जदाराच्याही पोटात आहे.

तरी समितीने रक्ताचे अहवाल पाहावेत, किंवा न कळवता येऊन चांगुणाला नुसते पाहावे. बरे वाटते का, हे मात्र कृपया विचारू नये.

परंतु कुणीतरी ते लिहून दिल्याशिवाय कागद पुढे सरकणार नसेल, तर अर्जदार स्वतःच्या सहीने व जबाबदारीवर लिहून देतो, की चांगुणा बरी आहे. याची दृष्ट लागायचीच असेल, तर ती अर्जदारास लागावी.

सोबत : रक्ताचे चार अहवाल, सहादेव यांचा लेखी जबाब.

दि. २० फेब्रुवारी २०२६

घरी न सांगता अर्ज करणारा, आपला नम्र,
कानिफनाथ आबासाहेब येळवंडे