रुद्रप्पांच्या दुकानातलं पाणी

वडवणी, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. संगीतास आज्जीचा अ. उ. आ. आणि सलाम.

तर पहिल्यांदा आल्या महादेवी. चप्पल काढायच्या आधीच बाळ कुठाय म्हणाल्या. तुझ्या भावजयीनं, कावेरीनं, आईला पाहून गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. पणतीचं नाक तुझ्यावर गेलंय, बिचारीचं. दिवाळीच्या करंज्या लई आणल्या होत्या. दात न्हाईत तरी मी दोन खाल्ल्या.

मागून रुद्रप्पा आले, दिंद्रुडचं दुकान बंद करून. आपल्या सोमनाथनं त्यांची लेक केली, ख्रिस्ती घरात आणली, तेव्हापासून हा बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, सगळ्यांना हसून नमस्कार. मला आठवलं, पोटात लेकरू असताना कावेरी बापाच्या फोनसाठी कशी उशाला मोबाईल घेऊन निजायची. तोंडातून निघून गेलं, चुना लावलेल्या कबरीला आज बरी लेक आठवली.

शिवी न्हाई गं, शास्त्रातलंच हाय, प्रभूच्या तोंडचं, बाहेरून पांढरी अन् आत हाडं. सापाची पिल्लं बी म्हणणार होते, तेवढं गिळलं. पण त्यांचा हात कपाळाकडं गेला. मी भस्माला बोलले असं वाटलं त्यांना. चहा तसाच ठेवून उठले. महादेवी मागं मागं, बाळाला धड मांडीवर बी न घेता.

कावेरीनं रोजच्यासारखी दुधात भाकरी चुरून दिली, ती तशीच ठेवली मी. सतराला देवळात हंगामाचा सण. वाहायला परसातला भोपळा राखलाय. पण कुणाचं मन आपल्यामुळं दुखलेलं असताना वेदीपाशी जाऊ नये, आधी समेट करावा, हे बी त्याच तोंडचं. एकाच तोंडचं कडू धरू का गोड? तू नगरला शास्त्र शिकतीस, तूच सांग. फोनवर मला ऐकू येत न्हाई, पत्रच टाक.

तोंडाळ आज्जीवरची माया पातळ करू नकोस.
वत्सलाबाई


नगर, ता. ८ नोव्हेंबर २०२४

ती. आज्जीस संगीताचा सा. सलाम.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नाकाचं नंतर बघून घेईन.

ते कडक शब्द प्रभूनं कुणाला ऐकवले ते आठव. स्वतःच्याच देवळातल्या मोठ्यांना, पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना. तू कितव्या रांगेत बसतेस गं? आणि तेवढं बोलून तो त्याच शहरासाठी रडला. परक्या गावी विहिरीवर मात्र त्यानं एका बाईकडं आधी पाणी मागितलं, जिच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नव्हतं.

कोणतं केव्हा धरायचं, मलाही नीट उमगलेलं नाही. पण तू रडली असशील, तर अर्धं झालं. भोपळा दादाला उचलू दे.

रागव, पण माया करत राहा.
तुझी संगीता


वडवणी, ता. १४ नोव्हेंबर २०२४

चि. संगीतास आज्जीचा अ. उ. आ.

कुणाला न सांगता काल तेलगाववरून दिंद्रुडला गेलते. भोपळा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, आज्जी, नातवाचं अर्धं तिकीट काढावं लागंल.

रुद्रप्पा गूळ फोडत होते. मला बघून हात थांबला. माफी पाठ केलेली, सगळी विसरले. मग पाणीच मागितलं. माझ्या लहानपणी असल्या दुकानात आमच्या ओंजळीत वरून धार सोडायचे. तेव्हापासून मी कुठं मागितलं न्हाई. ते आत गेले आणि स्वतःचा पेला भरून आणला. मी तोंड लावून प्याले. निम्मं पाणी माझ्याच डोळ्यांचं.

मी भस्माला बोलले न्हाई म्हटलं. ते म्हणाले, मावशी, त्या दिवशी घरी जाऊन भस्म धुतलं, आरशात बघितलं, कबर तशीच होती. म्हणजे माझा शब्द लागला होता. लागला म्हणून मला बरं वाटलं, संगीता, आणि त्याचीच आता लाज वाटती. हे कुणाजवळ बोलू, म्हणून तुला लिहिते.

मी भोपळा त्यांना देत होते. देवाला राखलेला आम्ही कसा कापावा म्हणाले. पण मला परत उचलू बी दिला न्हाई. तो आता दुकानात काट्याशेजारी हाय.

मला लेकरासारखं समजावलंस, तशीच समजावत जा.
तुझी आज्जी

ता. क. भोपळा तेच आणणारेत, महादेवींना घेऊन. कावेरीच्या हातचा चहा राहिलाय म्हणाले. सतराला, आयतवारी.