नळीतलं इसबगोल

सोलापूर, मंगळवार

अप्पा, तुम्हाला शरणु.

फोनवर तुम्ही रडता आणि फोन मम्मीकडे देता, म्हणून लिहून गुरुशांतमामाबरोबर पाठवतेय. आधी चांगलं सांगते, अज्जी बरी आहे.

पण मी लई चिडलेय. तिचं पोट साफ होत नव्हतं. मी औषधं आणायला दवाखान्याच्या खाली गेले, तेवढ्यात आत्यानं तिच्या नाकातल्या नळीतून इसबगोल सोडलं. अप्पा, ते पाण्यात फुगतं की! नळी पार चोंदली. ती काढून नवी घालताना अज्जीची नखं माझ्या हातात रुतली.

मी ओरडले तर आत्या म्हणते, "माझ्यावर काय ओरडतीस? पुडा तुझ्या अप्पानंच दिलाय, डॉक्टरला सांगू नको म्हणून."

खरंय का? मी डाएटिशियनचा कोर्स करतेय, मला एकदा विचारायचं तरी! डॉक्टरांनी आता पूर्ण विरघळणारं फायबर सुरू केलंय. आज पोट साफ झालं.

पुडा परत पाठवतेय. मम्मीचा गुडघा कसाय?

रविवारी तुम्ही स्वतः या, रिकाम्या हातानं. दार वाजलं की अज्जी मान वळवते. मी शेजारीच बसलेली असते, अप्पा. ती मला शोधत नाही.

तुमचीच, अजून चिडलेली,
दानेश्वरी